टाकायला काढलेला भुसा

वानखेडेबाई उंदरांच्या खोलीत दार वाजवून जायच्या. नखाने दोनदा, टक टक. मग चार श्वास थांबायचं आणि मगच कडी काढायची. आत माणूस कुणी नसायचं. काळ्या उंदरांचे पिंजरे असायचे, छतापर्यंत लावलेले.

"आत कोण 'या' म्हणणार आहे तुम्हाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कोणी नाही. पण काहून दचकवायचं?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरात कोणी धाडकन शिरलं तर मला नाही आवडत."

अकोल्याकडून लग्न होऊन त्या घाटकोपरला आल्या, त्याला तेव्हाच वीस वर्षं झाली होती. बोलणं पक्कं मुंबईचं झालं होतं, फक्त हा 'काहून' तेवढा माहेरचा उरला होता. तो त्या फार जपून वापरत. समोरच्याचं चुकतंय अशी खात्री झाली की बाहेर काढत. माझ्या वाट्याला तो दिवसातून चार-पाच वेळा यायचा.

आमची संशोधन संस्था मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी होती, आणि तिथे मी लठ्ठपणावर काम करायचे. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आजी, घरून काम करायचीस का?" तिचं चुकत नाही. तेव्हाही मी अंगाने भरलेलीच होते. आठवड्यातून एकदा उंदरांची वजनं ग्रॅमच्या दशांशापर्यंत घ्यायचे आणि घरातला वजनकाटा कपाटाच्या मागे ढकलून ठेवायचे.

माणूस लठ्ठ का होतो हे माणसांवर तपासायला वर्षानुवर्षं लागतात. शिवाय काल काय खाल्लं असं विचारलं तर माणूस सरळ खोटं बोलतो. उंदराचं तसं नाही. त्याला तुपकट खाणं द्या, अडीच-तीन महिन्यांत तो गोल होतो, साखर वाढते, यकृतात चरबी साठते, अगदी आपल्यासारखं. आणि उंदीर खोटं बोलत नाही. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक भाषणात टाकायचे. लोक हसायचे. मला वाटायचं, मी फार चटपटीत बोलते.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, आणि ती मी आज मला भेटली असती तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले असते. परदेशातून नुकती परत आलेली. उंच टाचा, अत्तर, आणि "आमच्या तिकडे" हे दोन शब्द प्रत्येक वाक्यात. पहिल्या दिवशी त्या अत्तरासकट मी प्राणिगृहाच्या दाराशी पोचले, तर वानखेडेबाई आडव्या उभ्या राहिल्या. पाच फूटसुद्धा नसतील. निळा कोट, केसांवर टोपी, हातात पाण्याच्या बाटल्यांचं घमेलं.

"मॅडम, वास धुऊन या."

"कसला वास?"

"तुमचा. छान आहे. पण त्यांना तो मांजरापेक्षा मोठा वाटेल."

मी रागारागाने कोपरापर्यंत हात धुतले, मानेला साबण लावला. परत आले. त्यांनी नाक पुढे करून हुंगलं आणि मान हलवली. मी दुसऱ्यांदा धुऊन आले. तेव्हा कुठे नखाने टक टक झालं.

त्यांच्या नाकावर संस्था चालायची, असं म्हटलं तरी चालेल. तुपकट खाणं तेव्हा आम्ही तयार आणत नसू. वनस्पती तूप, दुधाची भुकटी, पीठ, साखर, जीवनसत्त्वं असं सगळं मोजून एका मोठ्या परातीत कालवायचं आणि लाडू वळायचे. सुपारीपेक्षा थोडे मोठे, सगळे एका मापाचे. वानखेडेबाई लाडू वळायला बसल्या की कॉरिडॉरमधून जाणारे थांबायचे, इतका तो वास घरगुती. प्रत्येक परातीतला एक लाडू त्या फोडून हुंगायच्या. जरा खवट वाटलं तर अख्खी परात टाकायच्या.

"अहो, उंदीर आहेत ते," मी म्हणायचे. "गटारात काय खातात?"

"गटारातले त्यांच्या मर्जीने खातात. ह्यांना आपण देतो."

उंदरांना नावं देऊ नयेत असा माझा नियम होता. तो त्यांना सांगावा लागला नाही, कारण तो त्यांचा आधीपासूनच होता. प्रयोग संपला की उंदीर मारावे लागतात, त्याशिवाय यकृत आणि चरबी तपासता येत नाही. त्या दिवशी वानखेडेबाई रजा घेत नसत. त्याच पिंजरे आणून देत, त्याच रिकामे पिंजरे परत नेत आणि स्वतः घासत. घासायला दुसरी माणसं होती, पण त्या दिवशी त्या कुणाला हात लावू देत नसत. मग मागच्या पायरीवर बसून बिनसाखरेचा चहा पीत. एरवी त्यांच्या चहात तीन चमचे असायचे.

एकदा त्या पायरीवर मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "वाईट वाटतं ना?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. "पण मी वेगळाच विचार करते. त्यांनी जीव दिला. आपण निदान बरोबर मोजावं."

मला ते वाक्य साधं वाटलं. डोक्यात कुठेतरी पडलं आणि मी पुढे गेले.

आता चाळणीबद्दल. उंदराने किती खाल्लं हे काढायची रीत सोपी. पिंजऱ्याच्या वरच्या जाळीत मोजून खाणं ठेवायचं, दोन दिवसांनी उरलेलं मोजायचं, वजा करायचं. वानखेडेबाई यात एक काम जास्तीचं करायच्या. पिंजऱ्यातला भुसा बदलताना जुना भुसा घरून आणलेल्या पिठाच्या चाळणीने चाळायच्या, त्यात सापडलेला खाण्याचा चुरा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. बाकीचे शास्त्रज्ञ हसून सोडून देत. मी आल्या आल्या ते बंद केलं. स्वयंपाकघरातली चाळणी प्रयोगशाळेत? आमच्या तिकडे असलं कोणी ऐकून घेतलं नसतं.

"माझ्या पिंजऱ्यांतला भुसा चाळायचा नाही," मी सांगितलं.

"बरं मॅडम," त्या म्हणाल्या. त्या इतक्या पटकन 'बरं' म्हणाल्या, तिथेच मला शंका यायला हवी होती.

माझा प्रयोग मेथीच्या अर्काचा होता. निम्म्या उंदरांना तुपकट लाडू, निम्म्यांना तेच लाडू पण अर्क घातलेले. सहाव्या आठवड्यापासून आकडे असे यायला लागले की मी हवेत तरंगत होते. दोन्हीकडचे उंदीर सारखंच खात होते, पण अर्कवाले सडपातळ राहात होते. खा आणि बारीक राहा. माझ्यासारख्या बाईला यापेक्षा मोठा शोध काय असणार? संचालकांनी वार्षिक सभेत बाहेरच्या पाहुण्यांसमोर मला अर्धा तास दिला. मी साडी घेतली. खरं सांगायचं तर एक माप लहान ब्लाउज शिवायला टाकला, कारण तोवर मीसुद्धा सकाळ-संध्याकाळ मेथी खायला लागले होते.

त्याच महिन्यात वानखेडेबाईंचं कायम होण्याचं प्रकरण पुढे आलं होतं. चौदा वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. यावेळी समिती बसणार होती, आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्या शास्त्रज्ञांचे शेरे लागणार होते. याबद्दल त्या एकदाच बोलल्या. लाडू वळत होत्या, मान खाली होती.

"कायम झाले की पेन्शन लागेल. म्हातारपणी कोणाच्या ताटात हात घालायला नको, एवढंच."

"माझा शेरा चांगलाच असेल," मी मोठेपणाने म्हटलं.

अकरावा आठवडा संपला त्या दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. दार वाजवून. हातात दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा होता. डब्यात कागदाच्या पुड्या, औषधाच्या दुकानात बांधतात तशा, प्रत्येकीवर पिंजऱ्याचा नंबर आणि तारीख.

"हे काय?"

"चुरा आहे. अर्कवाल्यांचा जास्त, दुसऱ्यांचा थोडा."

"मी चाळायला मनाई केली होती."

"पिंजऱ्यातला भुसा चाळू नका म्हणालात. तो नाही चाळला. टाकायला काढलेला चाळला."

मी एक पुडी उचलून तिच्यावरचा नंबर पाहिला. त्यांना वाटलं मी ऐकतेय, म्हणून त्या पुढे बोलल्या. "मॅडम, ते खात नाहीत. कडू लागतं त्यांना. कुरतडतात, खाली पाडतात आणि भुशात दडपतात. भुसा हाताला तेलकट लागतो. लेंड्या पण कमी आहेत. एवढं खाल्लं असतं तर लेंड्या कुठे गेल्या? उपाशी आहेत म्हणून बारीक आहेत."

आज मी त्या जागी असते तर उठून त्यांचे हात धरले असते. तेव्हा मी उठून दार उघडलं आणि म्हटलं, "तुम्ही जा." मग टेबलाशी बसून फाडफाड इंग्रजीत तक्रार लिहिली. सूचनांचं उल्लंघन, प्रयोगात ढवळाढवळ, स्वच्छतेचा भंग. फार उत्तम इंग्रजी होतं. ती चिठ्ठी त्याच दिवशी त्यांच्या फाइलला लागली. समितीला दहा दिवस होते.

डबा मात्र माझ्या टेबलावर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत कोणी नसताना मी एक पुडी वजनकाट्यावर ठेवली. मग दुसरी. मग वही काढून वजाबाकी करायला बसले. दीड तासात माझा शोध संपला. अर्कवाल्या उंदरांनी जे 'खाल्लं' असं मी लिहीत होते, त्यातला मोठा भाग त्या पुड्यांमध्ये होता. उंदीर खोटं बोलत नाही म्हणणारी बाई मी, आणि त्या बोटभर प्राण्यांनी मला अकरा आठवडे थाप मारली होती.

यानंतर मी काय केलं असेल? काहीही नाही. आठ दिवस. नातीला ही गोष्ट सांगताना मी हे आठ दिवस गाळते, पण इथे लिहायला हवेत. आठ दिवस मी वानखेडेबाईंना रोज भेटले. त्यांनी तक्रारीचा विषय काढला नाही. फाइलमध्ये काय आहे ते साऱ्या संस्थेला ठाऊक होतं, म्हणजे त्यांनाही होतं. "पाणी बदललंय मॅडम," "सतरा नंबरचा डोळा लाल आहे मॅडम," एवढंच. नखाने टक टक, चार श्वास, कडी. नवव्या दिवशी मागच्या पायरीवर त्या चहा पिताना दिसल्या. त्या दिवशी एकही उंदीर मारला नव्हता. मी जवळून गेले तेव्हा म्हणाल्या, "बघा ना, आज साखरच घालायची विसरले."

मी तडक कार्यालयात गेले आणि म्हटलं, गैरसमज झाला होता, तक्रार मागे घेते. तिथले कारकून गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, कारण लिहावं लागेल. नुसत्या गैरसमजावर समिती विचारणार, कोणाचा?"

कारण एकच होतं. त्यांचं बरोबर होतं आणि माझा प्रयोग खोटा होता. तेच लिहिलं. यावेळी मराठीत लिहिलं, कारण तक्रार इंग्रजीत होती आणि ती त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असणार, हे तोवर डोक्यात शिरलं होतं. 'श्रीमती वानखेडे यांनी चाळलेल्या भुशामुळे माझी चूक उघड झाली' असं वाक्य होतं त्यात. नंतर ते घेऊन संचालकांकडे गेले.

त्यांनी वाचलं. "मग वार्षिक सभेत काय दाखवणार तुम्ही?"

"चाळणी," मी ताठ मानेने म्हणाले. असं नातीला सांगते. प्रत्यक्षात मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडले आणि त्यांना शिपायाकडून पाणी मागवावं लागलं. सभेतला माझा अर्धा तास दुसऱ्या कोणाला दिला गेला. ब्लाउज तसाच पडून राहिला. अजून आहे, माझ्या अंगात तो कधी गेलाच नाही.

वानखेडेबाई कायम झाल्या. त्या दिवशी त्यांनी बेसनाचे लाडू आणले, घरी केलेले, सगळे एका मापाचे. मी एक उचलला आणि सवयीने फोडून हुंगला.

"ताजा आहे," त्या म्हणाल्या. "मेथी नाही घातली."

इतकंच. पत्राबद्दल, तक्रारीबद्दल पुढच्या कितीतरी वर्षांत एक अक्षर नाही. फक्त आमच्या वहीत उंदरांच्या खाण्याच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आला, 'चाळणीतलं', त्यांच्या गोल अक्षरात. माझ्या हाताखालच्या मुली तो रकाना रिकामा ठेवून वही आणायच्या, तेव्हा मीच विचारायला लागले, "काहून नाही भरला?" वानखेडेबाई कोपऱ्यातून हळूच हसायच्या.

त्या माझ्या आधी निवृत्त झाल्या. दिंडोशीला मुलाकडे राहायला गेल्या. सणासुदीला फोन व्हायचा. गेल्या वर्षी त्यांची सून अश्विनी हिचा फोन आला. "मॅडम, आई बारीक होत चालल्यात. तपासण्या सगळ्या केल्या, काही निघत नाही. जेवण तर व्यवस्थित आहे, ताट रोज रिकामं असतं. तुम्ही जाड-बारीकावर संशोधन केलंय ना, म्हणून विचारते."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. दार उघडंच होतं. वानखेडेबाई खिडकीशी पलंगावर डोळे मिटून बसल्या होत्या, आधीच लहान, त्यात आणखी लहान झालेल्या. मी चौकटीवर नखाने दोनदा वाजवलं आणि थांबले.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "या मॅडम. वास धुऊन आलात आज."

"आणि वजन?"

"ते पावलांवरून कळतं. विचारू नका."

आम्ही बोलत बसलो. माझे गुडघे, त्यांची नवीन कवळी, कोण कोण गेलं. अश्विनीने ताट आणलं, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मुलगी मायेची आहे. ऑफिसचं काम घरून करते, त्यात सासूसाठी भाकरी थापते. ती आत गेली. वानखेडेबाई भाकरी मोडत होत्या. बारीक बारीक तुकडे, बोटांनी चुरत. घास तोंडाकडे जायचा, हात खाली यायचा. थोड्या वेळात ताट खरंच रिकामं झालं. अश्विनी येऊन म्हणाली, "पाहिलंत ना? सगळं संपवतात."

ती ताट घेऊन गेली. मी उठले आणि वानखेडेबाईंना म्हटलं, "जरा उभ्या राहता का?"

"काहून?"

"राहा तर."

त्या उभ्या राहिल्या. मी पलंगावरची चादर चारी टोकांनी उचलली, गादीच्या कडेचा खळगा झटकला आणि सगळं मधोमध गोळा केलं. ओंजळभर चुरा निघाला. ज्वारीचा. वर वांग्याच्या दोन फोडी, कागदी रुमालात गुंडाळलेल्या.

वानखेडेबाईंनी वाकून त्या ढिगाकडे पाहिलं.

"चाळलंत शेवटी," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"कवळी बसवल्यापासून. टोचते. हिरडी सोलून निघाली आहे." मग आवाज खाली आणून, "ती पोर एवढी दमून करते. कवळीला सगळ्यांनी मिळून खर्च केला. कसं सांगणार, चावत नाही म्हणून? सकाळी चिमण्यांना घालते, वाया नाही जात."

"म्हणजे मलासुद्धा फसवायला निघाला होतात."

"तुम्हाला फसवणं सोपं असतं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही इतक्या हसलो की अश्विनी धावत बाहेर आली.

तिला सगळं सांगितलं. ती चादरीकडे बघून रडली, मग सासूला रागावली, मग पुन्हा रडली. वानखेडेबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. मी कवळी काढायला लावली. हिरडी खरंच लाल होती. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, आणि तोवर भाकरी आमटीत कुस्करून मऊ करून द्यायची. अश्विनीने तेव्हाच एक वाटी करून आणली, गरम, वर तुपाची धार.

"हे तर अगदी प्रयोगातलं खाणं झालं," मी म्हटलं.

"मोजून दिलंय ना?" वानखेडेबाईंनी सुनेला विचारलं, आणि वाटी नाकाशी नेऊन हुंगली. मग खायला लागल्या. सावकाश, डोळे मिटून, एक एक चमचा. मी निघाले, चपला घातल्या, लिफ्टचं बटण दाबलं. उघड्या दारातून पलंग दिसत होता. त्यांनी वाटी उपडी धरून मला दाखवली. मी मान हलवली, तेवढ्यावर माझा विश्वास नाही म्हणून. तशा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मांडीवरचा पदर दोन्ही हातांनी धरून लांब केला आणि माझ्याकडे तोंड करून झटकला.

एक कण पडला नाही.